लाल दिवा आणि माझं जुनं मत

डॅशबोर्डवर दिवे उजळायला लागले की गाडी विकून मोकळं व्हावं, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. ओळखीपाळखीत कुणी विचारलं तर मी हाच सल्ला द्यायचो. इंजिन आवाज करतंय? उघडा. क्लच घसरतोय? प्लेट टाका. पुढून खडखड येतेय? बुश बदला. पण एकदा इलेक्ट्रिकचं झेंगट मागे लागलं की त्या गाडीत एक रुपया घालू नका, कारण त्याला अंत नाही. आज मी याच्या बरोबर उलट बोलतो. जुन्या गाडीतला कुठला बिघाड न घाबरता हाती घ्यावा असं कुणी विचारलं, तर मी विजेचा म्हणेन. हे मत का बदललं आणि कुठे अजून बदललेलं नाही, ते सांगण्यासाठी हे लिहितोय.

जुनं मत अगदीच हवेतलं नव्हतं. चिंचवडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये माझी सगळी नोकरी झाली. तिथला माणूस लोखंडावर विश्वास ठेवतो. झिजलेलं बेअरिंग हाताला कळतं. वाकलेला शाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला की काटाच सांगतो. घरी गाडी होती ती कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी. आम्ही तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणालो. तिचं इग्निशन म्हणजे एक कॉइल, एक डिस्ट्रिब्युटर आणि त्यातले पॉइंट. पॉइंट काळे पडले की बारीक कानशीने घासायचे, फीलर गेजने फट लावायची, की गाडी सुरू. मग २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय आलं आणि त्याबरोबर ईसीएम नावाचा एक डबा आला. त्याच्या आत काय चालतं ते कुणालाच उघडून दाखवता येईना. वीज डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे सांगणारा खरं सांगतोय की थापा मारतोय ते कळायची सोय नाही. माझा सगळा राग तिथे होता.

त्यात स्कॅनरने भर घातली. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना ओबीडी-टू ही निदानाची एकसारखी व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडे बीएस-४ च्या काळात, एप्रिल २०१० पासून तिचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा आला. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला यंत्र जोडलं की पडद्यावर कोड येतो. त्यातून गॅरेजमध्ये एक रीत रुळली. दिवा लागला, स्कॅनर लावला, कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव आलं तो सेन्सर बदलला, कोड पुसला. काही दिवसांनी दिवा पुन्हा हजर. मग गंभीर आवाजात सांगायचं, "बहुतेक ईसीएम गेलाय." मित्रांच्या गाड्यांबाबत हे इतक्यांदा ऐकलं होतं, की यंत्रच भोंदू आहे असं मी धरून चाललो.

माझं मत पहिल्यांदा हललं ते बॅटरीच्या लाल दिव्यामुळे. आमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलेली पेट्रोल हॅचबॅक. पावसाळ्यात रात्री ब्लोअर आणि वायपर लावले की बॅटरीचा दिवा निखाऱ्यासारखा मंद लाल व्हायचा. दिवसा काही दिसायचं नाही. एका गॅरेजने अल्टरनेटर गेल्याचं सांगितलं. जुन्या बाजारात अल्टरनेटर मिळेल का, हे विचारायला मी आमच्या भागातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. वयस्कर माणूस, सगळे त्यांना चाचा म्हणतात.

"अल्टरनेटर खराब आहे हे कुणी मोजलं, साहेब?" त्यांनी विचारलं.

"दिवा लागतोय ना, चाचा."

"दिवा लागतोय म्हणजे दिव्याच्या दोन टोकांत फरक आहे. त्याच्यापुढचं अजून कुणाला माहीत नाही."

हे वाक्य मला आधी तिरकस वाटलं, पण ते शब्दशः खरं आहे. जुन्या धर्तीच्या गाडीत बॅटरीच्या दिव्याचं एक टोक इग्निशन स्विचकडून येणाऱ्या पॉझिटिव्हला जोडलेलं असतं आणि दुसरं अल्टरनेटरच्या एका लहान टर्मिनलला. चावी फिरवली, इंजिन अजून बंद आहे, तेव्हा वीज स्विचकडून दिव्यातून अल्टरनेटरच्या रोटरमध्ये जाते. दिवा लागतो आणि रोटरमध्ये सुरुवातीचं चुंबकत्व तयार होतं. म्हणजे हा दिवा नुसता पाहत बसलेला पहारेकरी नाही, तो त्या मंडलाचा कामाचा भाग आहे. काही गाड्यांत एवढासा बल्ब उडाला तर अल्टरनेटर चार्जिंग सुरूच करत नाही. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर वीज देऊ लागला, की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज येतो. फरक उरला नाही, की दिवा विझतो.

चाचांनी मल्टिमीटर काढला. इंजिन चालू, ब्लोअर, वायपर, हेडलाइट सगळं लावलेलं. बॅटरीच्या टर्मिनलवर १३.९ व्होल्ट. एवढा सगळा भार असताना १३.९ म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. मग डॅशबोर्डच्या दिव्यांना इग्निशनकडून येणारी तार मोजली. तिथे ११.९. म्हणजे बॅटरीपासून तिथपर्यंत येताना दोन व्होल्ट वाटेत गळत होते. दिव्याच्या एका टोकाला जवळपास चौदा, दुसऱ्या टोकाला बारा. दोन व्होल्टच्या फरकावर तो मंद पेटत होता, आणि तेही उलट्या दिशेने, अल्टरनेटरकडून स्विचकडे. नवा अल्टरनेटर बसवला असता तर त्यानेही तेच १३.९ दिले असते आणि दिवा तसाच लागत राहिला असता.

हे दोन व्होल्ट कुठे जातात, ते पाहायला चाचांनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर पक्कं केलं आणि दुसरं एकेका जोडावर ठेवत गेले. फ्यूजबॉक्सच्या आधी एक दशांश व्होल्ट, स्विचकडे जाणाऱ्या कपलरच्या अलीकडेही जवळपास तेवढाच, पलीकडे दोन. कपलर उघडला तर आतली पिन तपकिरी झालेली आणि प्लॅस्टिक मऊ होऊन वाकलेलं. हिशेब सोपा आहे. या गाडीत ब्लोअर आणि वायपर इग्निशनच्याच वाटेने वीज घेतात. पावसाळ्यात त्या वाटेने बारा-एक अँपिअर प्रवाह जात असेल. बारा अँपिअर गुणिले दोन व्होल्ट म्हणजे चोवीस वॅट. बाजारात मिळणारी साधी सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटची असते. नखाएवढ्या पिनेत सोल्डरिंगची शेगडी पेटलेली होती, आणि तो मंद दिवा नकळत तिचीच खबर देत होता. पिन आणि कपलर नवे टाकले, ब्लोअरचा भार रिलेवर घेतला. अल्टरनेटरच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ होता.

त्यानंतर मी स्वतःशी वाद घातला. टूलरूममध्ये माप घेतल्याशिवाय एकही तुकडा बाद करायचा नाही, हा नियम मी नोकरीभर पाळला. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा वाद असेल तर मायक्रोमीटरने तो मिटायचा, माणसाच्या हुद्द्याने नाही. मग विजेच्या बाबतीत मी अंदाजाने भाग बाद करायला राजी का होतो? दिसत नाही म्हणून? मायक्रॉनही डोळ्यांना कुठे दिसतो! उलट विजेचा बिघाड या बाबतीत लोखंडापेक्षा सोयीचा आहे. गिअरबॉक्समधलं बेअरिंग मोजायचं तर आधी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. विजेचं मंडल न उघडता, आहे त्या जागी, चालू स्थितीत मोजता येतं. बारा व्होल्ट निघाले, किती पोहोचले, कुठे अडले, एवढंच शोधायचं. मंडलाच्या मध्यावर मोजलं की बिघाड अलीकडे आहे की पलीकडे, ते कळतं आणि अर्धी गाडी संशयातून सुटते. उरलेल्या अर्ध्याच्या मध्यावर पुन्हा मोजायचं.

मात्र मोजणं म्हणजे मीटरची पिपाणी वाजवणं नव्हे. तार अखंड आहे का, हे पाहायला बरेच जण मीटर बीपवर ठेवतात आणि बीप आला की तार चांगली म्हणतात. वीस केसांच्या तारेतले एकोणीस तुटले आणि एक उरला, तरी बीप येतो. त्या एका केसातून मीटरचा क्षुल्लक प्रवाह सहज जातो. हेडलाइटचा जात नाही. म्हणून भार चालू ठेवून व्होल्टेजची गळती मोजायची. चांगल्या जोडावर ती एक-दोन दशांश व्होल्टच्या आत असते. स्टार्टरच्या जाड केबलमध्ये तर जरासा गंजही महागात पडतो: दीडशे अँपिअर खेचले जात असताना ओहमच्या शंभराव्या भागाइतका रोध दीड व्होल्ट खातो. पॉझिटिव्हइतकीच अर्थची बाजू मोजायची, कारण गाडीत परतीची वाट म्हणजे बॉडीचा पत्रा आणि त्याला आवळलेले दोन-चार बोल्ट. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत निम्मी नाटकं त्या बोल्टखालच्या गंजात असतात, असं चाचा म्हणतात, आणि मी जे पाहिलं ते त्यांच्या बाजूचं आहे.

ही नजर आली, की प्रत्येक दिव्याची भाषा निराळी आहे हेही कळू लागतं. ऑइलचा दिवा बहुतेक जुन्या गाड्यांत एका तारेवर चालतो. इंजिनवरचा प्रेशर स्विच दाब नसताना जोडलेला असतो आणि दाब आला की उघडतो. त्यामुळे त्या तारेचं आवरण घासून ती इंजिनला टेकली तर दाब असूनही दिवा लागतो, आणि तार तुटली तर दाब नसतानाही दिवा लागत नाही. यातली दुसरी गोष्ट इंजिनाचा जीव घेणारी. ब्रेकच्या दिव्यामागे सहसा दोन स्विच असतात, एक हँडब्रेकचा आणि एक ब्रेक ऑइलच्या डब्यातल्या तरंगत्या गोळ्याचा. वळणावर किंवा उतारावर दिवा लुकलुकला, तर बऱ्याचदा वायरिंगचा काही दोष नसतो. ब्रेक पॅड झिजले, पिस्टन बाहेर आले, डब्यातलं ऑइल खाली गेलं, एवढंच. अर्थात गळती नाही ना, हे आधी बघायचं. एबीएसचा दिवा लागला तर जुन्या दोन तारांच्या सेन्सरमध्ये चाक हाताने फिरवून मीटरवर बारीकसा एसी व्होल्टेज येतो का, ते पाहता येतं. चिखल आणि लोखंडाचा कीस चिकटूनही तो सेन्सर आंधळा होतो. धुऊन पुसला की पुन्हा बघू लागतो.

आणि एकाच वेळी चार दिवे लागले तर चार बिघाड शोधत बसू नये. चारही जिथून वीज घेतात किंवा जिथे अर्थ होतात, ती एक जागा शोधावी. सगळ्यात आधी बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसतात, १२.२ म्हणजे ती निम्म्यावर आली आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. स्टार्टर फिरताना ९.६ च्या खाली जात असेल तर बाकीचे कंट्रोलर गोंधळून भलतेच दिवे लावू शकतात. बॅटरी मोजायला एक मिनिट लागतं. पण ती न मोजता सेन्सर बदलणारे मी पाहिले आहेत.

स्कॅनरबद्दलचं माझं मतही इथेच बदललं. यंत्र भोंदू नाही, आपण त्याच्या तोंडी नसलेले शब्द घालतो. पी-०१३५ हा कोड घ्या. गॅरेजमध्ये त्याचा अर्थ 'ऑक्सिजन सेन्सर गेला' असा लावतात. कोड तसं म्हणत नाही. तो म्हणतो, ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या मंडलात बिघाड आहे. त्या मंडलात फ्यूज आहे, रिले असू शकतो, तारा आहेत, कपलर आहे, हीटर आहे, आणि शेवटी ईसीएमही आहे. सायलेन्सरच्या पाइपला टेकून तार वितळली आणि फ्यूज उडाला, तरी कोड तोच येणार. यंत्राने गल्ली दाखवली; घर आपल्याला शोधायचं आहे. कोड वाचणं ही तपासाची सुरुवात असताना आपण तिथेच निकाल लावतो.

आपल्या हवेत आणि आपल्या सवयींत हे दिवे पेटवणारी कारणं फारशी गूढ नाहीत. पावसाळ्यात बॉनेटखाली ऊब शोधत उंदीर येतात आणि वायरिंग कुरतडतात. कोकणात किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने कपलरमधलं तांबं हिरवं पडतं. मागून बसवलेले हॉर्न, स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, यांच्यासाठी कुणीतरी चालत्या वायरिंगला ब्लेड मारून, दोन पीळ देऊन, वर टेप गुंडाळलेली असते. दोन उन्हाळ्यांत टेपचा गोंद सुटतो. बाहेरून सीएनजी किट बसवताना इंजेक्टरच्या तारा कापून जोडलेल्या असतात, आणि चेक इंजिनचा दिवा लागला की दोष कंपनीच्या सेन्सरवर जातो. यातलं काहीही स्कॅनरच्या पडद्यावर लिहून येत नाही. डोळे, टॉर्च आणि मीटर लागतो.

आता जिथे माझं जुनं मत कायम आहे, तेही सांगायला हवं. ऑइलचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर मोजमाप नंतर. आधी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद. तार टेकली असेल हा युक्तिवाद डिपस्टिक पाहून आणि प्रेशर गेज लावून सिद्ध करायचा, गाडी चालवून नाही. एअरबॅगच्या दिव्यामागे घरच्या मीटरने जाऊच नये. एअरबॅग फुगवणारा स्फोटक भाग थोड्याशा प्रवाहाने पेटतो, आणि ओहम मोजताना मीटर प्रवाहच सोडत असतो. ते काम शिकलेल्या माणसाचं, बॅटरी काढून, ठरलेला वेळ थांबून करायचं. ईसीएमच्या तारांवर बल्बचा टेस्ट लॅम्प लावणंही मला मान्य नाही. तो जितका प्रवाह ओढतो तितका आतल्या नाजूक भागांना झेपेलच असं नाही. कधी दिसणारा, कधी लपणारा बिघाड आजही माणसाला रडवतो. अशा गाडीत तास मोजायचे आणि गाडीची किंमत मोजायची, आणि कधीकधी विकणंच शहाणपणाचं ठरतं. पण तो निर्णय मोजल्यानंतरचा. दिवा बघून घाबरून घेतलेला नव्हे.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. चावी ऑन करून, इंजिन सुरू न करता, दिवे पाहा. ऑइल, बॅटरी, चेक इंजिन, आणि असतील तर एबीएस आणि एअरबॅग, हे सगळे दिवे उजळायला हवेत. ऑइल आणि बॅटरीचे तर इंजिन सुरू होईपर्यंत. एखादा उजळलाच नाही तर खूश होऊ नका. बिघाड दुरुस्त करण्यापेक्षा बल्ब काढून टाकणं स्वस्त पडतं, हे विकणाऱ्यांपैकी काहींना चांगलं ठाऊक असतं. लागलेल्या दिव्याइतकंच न लागलेल्या दिव्याकडे संशयाने बघायला हवं.

शेवटचा बदल मात्र गाडीबद्दलचा नाही, आपल्याबद्दलचा आहे. सेन्सर बदलणारे गॅरेजवाले सगळे लबाड आहेत, असं मी मानायचो. आता त्या रीतीत गिऱ्हाईकही भागीदार आहे असं वाटतं. नव्या भागाचं खोकं हातात मिळालं की आपण हजारो रुपये घासाघीस करून का होईना, देतो. पण कुणी दोन तास गाडीखाली झोपून, एक हिरवी पडलेली पिन शोधून, ती घासून दिवा घालवला, तर "नुसती वायर तर साफ केली, याचे एवढे?" असं विचारतो. चाचा तपासणीचे पैसे आधी आणि वेगळे सांगतात. ते ऐकून कितीतरी लोक गाडी वळवून निघून जातात, पुढच्या चौकात 'फुकट स्कॅनिंग'ची पाटी बघून थांबतात, आणि ते फुकटचं स्कॅनिंग नको असलेल्या सेन्सरच्या रूपाने भरून देतात. शोधण्याला किंमत नसेल तर बदलणारेच उरतील, आणि मग दिवे लागलेली प्रत्येक जुनी गाडी खरंच विकण्याच्याच लायकीची ठरेल.

म्हणून तुमच्या गाडीत दिवा लागला, तर गॅरेजमध्ये "काय बदलावं लागेल?" असं विचारू नका. "काय मोजलंत, कुठे मोजलंत, किती आलं?" असं विचारा. उत्तरात आकडा नसेल तर भाग बदलायला परवानगी देऊ नका. आकडा असेल, तर त्या माणसाला त्याच्या वेळेचे पैसे वेगळे द्या आणि घासाघीस करू नका.